खात्यातून गेलेलं कानाचं यंत्र

१

यंत्र कानात बसलं आणि बाळकृष्णरावांना कितीतरी वर्षांनी एक वाक्य धड ऐकू आलं. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "सर, तुमच्या खात्यात एवढे पैसे नाहीत."

ते आधी हसले. ऐकू आलं याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता की अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. मग मुलीनं पुन्हा फोन पाहिला, पुन्हा मान हलवली, आणि यंत्र हळूच काढून डबीत ठेवलं. वर्षभर पेन्शनीतून बाजूला टाकलेले पैसे खात्यात नव्हते. उरलं होतं ते फार तर महिन्याच्या भाजीपुरतं.

ही हकीगत कनकलताला कळली ती त्याच शनिवारी दुपारी. कनकलता बँकेतून निवृत्त झालेली बाई, मेलवीधी नावाच्या रस्त्यावर बाळकृष्णरावांच्या घरापासून चार दारं पलीकडे राहायची. निवृत्त झाल्यावर गाणं शिकायचं तिनं ठरवलं होतं. त्याऐवजी तंजावुरातल्या झाडून सगळ्या मराठी म्हाताऱ्यांचे फोन तिच्या गळ्यात पडले होते. हा मेसेज खरा का, ही लिंक दाबू का, लॉटरी लागली म्हणतो तो कोण? ती प्रत्येकाला शिव्या घालायची आणि प्रत्येकाचं काम करायची.

"कनका, मज कांही सुचेना गं," राजमवैनी म्हणाल्या. त्या बाळकृष्णरावांच्या पत्नी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज ठणठणीत. "बँकवाले म्हणतात, पैसे तुम्हीच दिलात. शुक्रवारी. ह्या फोनवरनं, तुमचाच पिन घालून. आम्ही कशाला देतो?"

कनकलतानं आधी सायबर तक्रारीचा नंबर लावून तक्रार नोंदवली, मग चष्मा पुसून बँकेचा उतारा पाहिला. शुक्रवारी कुणीतरी एका ऑनलाईन दुकानाची व्हाउचरं विकत घेतली होती. व्हाउचर म्हणजे एक आकडा. तो ज्याच्या हाती, खरेदी त्याची. नाव नाही, पत्ता नाही. ॲपमधली नोंद आणि बँकेचा मेसेज, दोन्ही कुणीतरी पुसलं होतं. उताऱ्यावर तारीख होती, पण वेळ नव्हती. वेळ कळवायला बँक आठवडा घेणार होती.

"पिन कुणाकुणाला ठाऊक आहे, वैनी?"

"मज, ह्यांस, आणि शांभवीस," राजमवैनी म्हणाल्या. शेवटचं नाव घेताना त्यांचा ठणठणीत आवाज पहिल्यांदा खाली आला.

२

शांभवी म्हणजे राजमवैनींच्या मावसबहिणीची नात. घर ओरत्तनाडूला, वडील सत्यनारायण तिथल्या सरकारी कचेरीत. दोन वर्षांपूर्वी ती एम.एस्सी.साठी तंजावुरात आली आणि म्हातारा-म्हातारीच्या घरी राहिली. फोनवर पैसे कसे द्यायचे, ते तिनंच दोघांना शिकवलं. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर बहुतेकदा तमिळमधून यायचं. त्या वयाच्या सगळ्याच पोरांचं तसं होतं.

सिंगापुरात असलेल्या मुलाला, शिवराजला, त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सगळं कळलं. त्यानं हिशेब चटकन मांडला. पिन तिघांना ठाऊक. दोघं माझे आईवडील. मग राहिलं कोण? त्यानं परस्पर सत्यनारायणांना फोन करून सोमवारी संध्याकाळी मुलीला घेऊन जायला सांगितलं. ओरत्तनाडूहून रोज बसनं ये-जा करून प्रयोगशाळेची कामं होणारी नव्हती. घर सुटलं की शिक्षण सुटणार, हे सगळ्यांना कळत होतं.

त्याहून वाईट गोष्ट त्याआधीच, दुपारी, झाली होती. राजमवैनींनी नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं होतं, "शांभवीनं घेतले असतील का हो?"

"आँ?" बाळकृष्णराव म्हणाले.

मग त्यांनी मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. त्या घरात गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागायचं. तिसऱ्या वेळी ते वाक्य गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शांभवीपर्यंत पोचलं.

रविवारी सकाळी कनकलता वर गेली तेव्हा मुलगी बॅग भरत होती. डोळे सुजले होते, पण रडत नव्हती.

"मी घेतले नाहीत, अक्का," ती तमिळमध्ये म्हणाली. "पण आता मिळाले तरी मी राहणार नाही. आजीच्या मनात आलंच ना?"

ही मुलगी ह्या दोघांना स्वतःच्या आजी-आजोबांपेक्षा जास्त जपायची, हे कनकलतानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बँकेत तीस वर्षं काढलेली बाई नुसत्या मायेवर कुणाला निर्दोष ठरवत नाही. तिनं विचारलं, "शनिवारची कानाच्या डॉक्टरची वेळ कोणी ठरवली?"

"मीच. महिनाभर आजोबांच्या मागे लागले होते. शुक्रवारी सकाळी फोन करून पक्की केली."

कनकलता थबकली. मग तिनं बॅगेची चेन स्वतःच लावली आणि बॅग भिंतीशी उभी केली. "सोमवार संध्याकाळपर्यंत हिला हात लावू नकोस," ती म्हणाली आणि जिना उतरली.

३

शुक्रवारी फोन कुठं कुठं गेला, ते खाली बसून राजमवैनींनी आठवून सांगितलं. सकाळी शांभवीनं त्यावरून दुधाचे पैसे दिले. मग म्हातारा-म्हातारी दोघं साईरामच्या मोबाईलच्या दुकानात गेले. बॅटरी टिकत नव्हती, ती बदलायला फोन तिथं ठेवून ते देवळात जाऊन आले. येताना सेल्वमच्या ऑटोत फोन सीटवरच विसरला. सेल्वमनं तो संध्याकाळी आणून दिला.

"फोनच्या कुलपाचा आकडा कोणता?"

"तोच. पिनचा. दोन-दोन आकडे कोण लक्षात ठेवणार?"

कनकलतानं कपाळाला हात लावला. म्हणजे पिन ज्याला ठाऊक त्याला सगळी दारं उघडी. तिनं तिथल्या तिथं दोन्ही आकडे बदलायला लावले, वेगळे, आणि दोघांकडून कबूल करून घेतलं की हे कुणाला सांगायचे नाहीत. शांभवीलाही नाहीत, शिवराजलाही नाहीत, कनकलतालाही नाहीत.

"आम्ही कधी कुणाला सांगतो?" राजमवैनी दुखावल्या. "कागदावर लिहून ठेवणारे लोक वेगळे."

दोघी बाहेर पडल्या तेव्हा सेल्वम ऑटो स्टँडवर भेटला. कनकलताला पाहताच त्यानं सीट पुसली आणि "या या, बसा" असं झकास मराठीत म्हणाला. राजमवैनींनी कनकलताच्या दंडाला चिमटा काढला. शिवराजनं फोनवर ह्याच्यावरही बोट ठेवलं होतं, कारण ह्याला मराठी येतं. पण मराठी आलं तरी पिन कसा कळेल, हे कुणी विचारलं नव्हतं.

कनकलतानं राजमवैनींकडे वळून संथपणे मराठीत म्हटलं, "ह्याच्या मागच्या चाकातली हवा गेलेली दिसते."

सेल्वम आनंदानं हसत राहिला. चाकाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. चौकशी केली तेव्हा त्याची सगळी पुंजी चार शब्दांची निघाली: या, बसा, किती, पुरे. पाचवा शिकून ये असं आईनं सांगितलं आहे, म्हणाला.

साईरामचं दुकान दोन गल्ल्या पुढं होतं. माणूस पस्तिशीचा, कपाळावर विभूती, बोलणं गोड. सगळं बोलणं तमिळमध्ये. "बॅटरी घालायला अर्धा तास लागला, अम्मा. फोन इथंच टेबलावर होता. दुकानात माणसं येत-जात होती, कुणी हात लावला का ते मी कसं सांगू?" मग जुन्या बॅटरीचं काय होतं, नवी कशी चार्ज करायची, बाजारातले स्वस्त चार्जर का वापरू नयेत, हे तो समजावत बसला.

"पाय मोडून आले गं माझे," राजमवैनी मराठीत पुटपुटल्या. "ह्या दुकानात टेकायला कांही नाही."

साईराम चार्जरबद्दल बोलता बोलता आत गेला, एक स्टूल घेऊन आला, फडक्यानं झटकलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. "बसा अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. राजमवैनींनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. माणूस चांगला आहे असं कनकलतालाही वाटलं.

परतीच्या वाटेवर कॉफीची पूड घ्यायची होती. गिरणीपुढं ही गर्दी. दळलेल्या कॉफीचा वास सगळ्या रस्त्यावर सांडला होता. बाळकृष्णराव तिथं येऊन थांबलेच होते. पुड्या कनकलताच्या हातात आल्या, त्यांनी फोन काढला, चौकोनी चित्रावर धरला, आणि पिनच्या खिडकीपाशी बोट अधांतरी ठेवून बायकोकडे पाहिलं.

आणि राजमवैनी रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध मराठीत, म्हणाल्या, "आठ, हो. मग दोन. दोन नंतर पांच. अहो पांच. सहा नव्हे."

४

कनकलता पुड्या तशाच हातात धरून उभी राहिली. सकाळी बदललेला पिन संध्याकाळी अख्ख्या मेलवीधीला ऐकवून झाला होता.

"वैनी, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पिन ओरडून सांगितलात."

राजमवैनींनी तिच्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "मराठींत सांगितलं. इथं कुणास कळतं?"

त्या दोघांचा व्यवहार हा असा होता. त्यांना ऐकू येत नाही आणि आकडे आठवत नाहीत. यांना आकडे पाठ, पण पडदा दिसत नाही. दोघं मिळून एक गिऱ्हाईक पुरं व्हायचं. आणि कुलूप म्हणून होती ती मायबोली. तिच्या भरवशावर हे लोक तीनशे वर्षं भर बाजारात भाव पाडत आले, शेजारणीच्या साडीला नावं ठेवत आले, नवरा-मुलगा पसंत-नापसंत करत आले. कनकलतानं स्वतःही बँकेत गिऱ्हाइकापुढं सहकाऱ्याला मराठीत किती काय ऐकवलं होतं. तेव्हा राजमवैनींना हसायचा तिला अधिकार नव्हता, आणि तरी तिला हसू आलं. नंतर भीती वाटली.

कारण आता चित्र शांभवीसाठी जास्तच वाईट झालं होतं. पिन गावभर ओरडला गेला होता, पण तो समजायला मराठी हवं. शुक्रवारी फोन हाती आलेल्या तिघांत पुरं मराठी कळणारी एकटी शांभवी. शिवराजला हे कळलं तर तो म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो?

घरी येऊन ती झोपाळ्यावर बसली आणि तमिळ बोलणाऱ्या त्या दोघांचं तोंड, हात, डोळे एकेक करून आठवू लागली. सेल्वम हसला, पण चाकाकडे वळला नाही. साईराम बोलत होता, चार्जर, बॅटरी, मग आत गेला...

झोपाळा थांबला. कुणी त्याला स्टूल मागितलं होतं? तमिळमध्ये तर कुणीच नाही.

५

एवढ्यावरून माणसाला चोर म्हणता येत नाही. दमलेल्या बाईला पाहून कुणीही स्टूल देईल. म्हणून सोमवारी सकाळी कनकलता राजमवैनींना घेऊन पुन्हा दुकानात गेली. "मी कांही बोलले तरी तुम्ही बाहेर पाहायचं नाही," एवढंच तिनं बजावलं होतं.

साईराम एका फोनला काच चिकटवत होता. बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखून. कनकलतानं कव्हरं चाळली, एकाची किंमत विचारली, आणि राजमवैनींकडे वळून, डाळ महागली म्हणावं तशा आवाजात, मराठीत म्हणाली, "बाहेर ह्याची पांढरी स्कूटर लावलेली आहे ना, ती पोलीस उचलून नेतायत."

काच टेबलावर पडली. साईराम दारात पोचलासुद्धा. स्कूटर जागच्या जागी होती आणि तिच्या सावलीत एक शेळी बसली होती.

तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. कनकलता त्याच्याशी तमिळमध्ये बोलली नाही. "मराठी छान कळतं तुज," ती म्हणाली.

तो आत आला, टेबलावरची काच त्यानं बाजूला सारली. मग त्याच्या तोंडून मराठीच आलं, अडखळत, जुन्या वळणाचं, कुणी घरातच शिकवलेलं. "माझी आई मराठी होती. गायत्री. बाबांशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी दार लावलं. आमच्याशी ती मराठींत बोलायची. बाहेर बोलू नको म्हणायची."

"आणि बाहेर ऐकायला?" कनकलतानं विचारलं.

"ह्या दोघांचं ऐकायला बरं वाटायचं, अक्का. आई गेल्यावर कुणी बोलायला नव्हतं. गिरणीपाशी अम्मा पिन ओरडायच्या, मज हसू यायचं." तो राजमवैनींकडे पाहायला धजत नव्हता. "मग दिवाळीचा सेल लागला. लोक ऑनलाईन घेतात, माझ्याकडे कोण येतं? म्हटलं, सेलमध्ये स्वस्तात फोन उचलावेत, इथं विकावेत, अम्मांना कळायच्या आधी पैसे परत टाकावेत. त्या कानाच्या यंत्रासाठी होते, हे मज ठाऊक नव्हतं. देवाशपथ."

राजमवैनी स्टुलावर बसून राहिल्या होत्या. त्यांना राग यायला हवा होता आणि तो येत होता. पण ज्या बोलीत हा माणूस कबुली देत होता ती ऐकून त्याच्याविषयी मायाही वाटत होती, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते त्यांना समजेना.

"तुज बरं वाटत होतं, तर बोलायचं होतंस," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी येऊन जेवला असतास. तू पिन घेतलास. आणि तुझ्यापायी मी माझ्या पोरीवर संशय घेतला."

"पैसे पाच वाजेपर्यंत खात्यात आले पाहिजेत," कनकलता म्हणाली. "तक्रार नोंदलेली आहे. पुढं काय करायचं ते बाळकृष्णराव ठरवतील, मी नाही. आणि आईच्या नावानं तुज सूट मिळणार नाही."

साईराम मान खाली घालून "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. दुपारी त्यानं न उघडलेले फोन खरेदीच्याच भावात दुसऱ्या दुकानदाराला दिले. पाच वाजायच्या आत मेसेज आला. कनकलतानं तो स्वतः वाचला, मग बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक पाहिली, कारण कुणाच्याच मेसेजवर ती विश्वास ठेवत नसे. यंत्राची रक्कम तिथल्या तिथं बाळकृष्णरावांकडून दुसऱ्या खात्यात हलवून घेतली. फोनला जोडलेल्या खात्यात उरला फक्त महिन्याचा बाजार. ह्यापुढं एवढंच गेलं तर जाईल.

सिंगापूरला तिनं फोन लावला. शिवराज ऐकून घेत राहिला. "पण अक्का, शांभवी नाही, हे तुम्हाला आधीपासून कसं वाटलं?"

"शनिवारी म्हाताऱ्याला पैसे द्यायला काउंटरवर उभं करायचं तिनंच ठरवलं होतं, रे. पैसे घेणारा माणूस दुसऱ्याच दिवशी तिजोरी उघडायची वेळ पक्की करतो का?" "सत्यनारायणांना आता तू फोन कर. मी करणार नाही."

तो फोन पोचला तेव्हा सत्यनारायण मुलीला न्यायला येऊन बाळकृष्णरावांच्या ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, तरी उठले. अपमान त्यांच्या मुलीचा झाला होता, आणि चोर सापडला म्हणून तो धुऊन निघत नव्हता. शांभवी बॅग घेऊन जिना उतरली. वडिलांनी ती तिच्या हातातून घेतली. सेल्वमची ऑटो दाराशी सुरूच होती.

राजमवैनी आतून आल्या, उंबऱ्यावर थांबल्या. कनकलताला वाटलं, त्या मुलीला जवळ घेऊन कानात काही सांगतील. त्यांनी तसं केलं नाही.

"मी तुझ्यावर संशय घेतला," त्या म्हणाल्या, कॉफीच्या गिरणीपाशी बोलल्या होत्या त्याच आवाजात. "तीनदा ओरडून बोलले. चूक माझी झाली. तुझी कांही नव्हती." समोरच्या घरातली माणसं दारात आली. राजमवैनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच सगळं पहिल्यापासून तमिळमध्ये सांगितलं, सेल्वमला कळेल असं, समोरच्यांना कळेल असं, रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळेल असं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला, तरी त्यांनी तो खाली आणला नाही.

शांभवी खाली पाहत होती. "आजी, तुला खरंच वाटलं होतं का गं?" तिनं विचारलं. मराठीत विचारलं.

"एक रात्र वाटलं," राजमवैनी म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

नाही म्हणाल्या असत्या तर सोपं झालं असतं. पण नाही म्हणाल्या असत्या तर मुलगी गेलीच असती, हे कनकलताला त्या क्षणी शांभवीच्या तोंडाकडे पाहून कळलं. शांभवीनं डोळे पुसले आणि वडिलांच्या हातातली बॅग काढून घेतली. "अप्पा, जेवून जा," ती हळूच म्हणाली. "मी राहते."

बाळकृष्णराव इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे पाहत उभे होते. "आँ? काय म्हणाली?" त्यांनी घाबरून विचारलं.

राजमवैनी पदरानं डोळे पुसत होत्या. म्हणून कनकलता पुढं झाली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या मेलवीधीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडली, "राहते म्हणाली."